वॉफल स्लॅबमधला शिअर: कोल्हापूरच्या साइटवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगल कार्यालय, गाड्यांची शोरूम, हॉस्पिटलखालचं पार्किंग असं काही मोठं आणि मोकळं हवं असलं की कोल्हापुरातही वॉफल स्लॅबचं नाव निघतं, म्हणजे वर पातळ सलग थर आणि त्याखाली दोन्ही दिशांना काँक्रीटच्या अरुंद पट्ट्या (रिबा) असलेल्या स्लॅबचं. खालून चौकोनी खणांचं छत दिसायला देखणं असतं, सिलिंग करायची गरज उरत नाही आणि काँक्रीटही वाचतं. हे वाचलेलं काँक्रीट नेमकं कुठून काढलं जातं, याकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. राजारामपुरीपासून शिरोलीपर्यंतच्या कामांवर आर्किटेक्ट, साइट इंजिनियर, मालक आणि इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं शिअरबद्दल, म्हणजे स्लॅबला कात्रीसारखं कापू पाहणाऱ्या जोराबद्दल, जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उत्तरं फिरून एकाच ठिकाणी येतात: कॉलमभोवतीचा भरीव भाग जिथे संपतो आणि रिबा सुरू होतात, ती रेघ.

वॉफल स्लॅबमध्ये शिअरचीच एवढी काळजी का करायची?

दोन कॉलमांच्या मध्ये स्लॅब वाकतो तेव्हा वरच्या थरात दाब असतो आणि खालच्या सळ्यांत ताण. मधलं काँक्रीट वाकण्याला फारशी मदत करत नाही, म्हणून साचे लावून ते काढून टाकायचं, ही वॉफलमागची कल्पना. वाकण्याच्या हिशेबात ती अगदी योग्य आहे. पण तेच मधलं काँक्रीट शिअर घेत असतं. ९०० मिमीच्या पट्ट्यात भरीव स्लॅबला शिअरसाठी पूर्ण ९०० मिमी रुंदी मिळते. वॉफलमध्ये तिथे एकच रिब, तीही १२५ किंवा १५० मिमीची. भार काही त्या प्रमाणात घटत नाही, कारण लोकांचं, सामानाचं आणि फरशीचं वजन तेवढंच राहतं.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. वाकून कमजोर होणारा स्लॅब आधी खाली येतो, तडे दाखवतो, फरशी उचलतो आणि सावध व्हायला वेळ देतो. शिअरमध्ये जाणारा स्लॅब एवढी उसंत देत नाही.

शिअर नक्की कुठे तपासायचा?

बीम नसलेल्या, थेट कॉलमवर टेकलेल्या वॉफलमध्ये दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली कॉलमभोवती, जिथे कॉलम स्लॅबला भोसकून वर येऊ पाहतो. यालाच आपण पंचिंग म्हणतो. काँक्रीटच्या भारतीय कोडच्या, म्हणजे आयएस ४५६:२००० च्या, कलम ३१.६ प्रमाणे कॉलमच्या कडेपासून इफेक्टिव्ह डेप्थच्या (दाबाच्या कडेपासून ताणाच्या सळ्यांपर्यंतच्या खोलीच्या) निम्म्या अंतरावर, चारही बाजूंनी हा छेद धरतात. तिथलं काँक्रीट घट्ट राहावं म्हणूनच कॉलमभोवतीचे काही खण न पाडता भरीव ठेवतात.

दुसरी जागा या भरीव भागाच्या बाहेरच्या कडेवर. सगळा भार रिबांमधून वाहत येतो आणि या कडेवर तो मोजक्या अरुंद रिबांत एकवटलेला असतो. इथली तपासणी कलम ४० प्रमाणे, बीमसारखी करायची. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या हिशेबांत पंचिंगची दोन पानं असतात आणि या कडेवरच्या रिबेची एक ओळही नसते, असं बरेचदा दिसतं.

बीमवर टेकलेला वॉफल असेल तर पंचिंगचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण रिबेचा तसाच राहतो. तिथे बीमच्या कडेवर तपासायचं.

आकड्यांत दाखवाल का?

समजा, ७.२ × ७.२ मीटरवर कॉलम असलेला हॉल आहे. आतला कॉलम ५०० × ५०० मिमी. स्लॅबची एकूण जाडी ४५० मिमी, त्यात ७५ मिमी टॉपिंग (वरचा सलग थर) आणि खाली ३७५ मिमीच्या रिबा. रिबेची रुंदी १२५ मिमी, दोन्ही दिशांना ९०० मिमी अंतरावर. काँक्रीट एम २५ (२५ न्यूटन प्रति चौ.मिमी ताकदीचं), इफेक्टिव्ह डेप्थ ४०० मिमी. कॉलमभोवती २.७ × २.७ मीटर भाग भरीव.

स्वतःचं वजन: टॉपिंगचं सुमारे १.९ आणि रिबांचं २.४, मिळून ४.३ किलोन्यूटन प्रति चौ.मी. फरशी आणि बेडिंगचे १.५. हॉलमध्ये खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसल्या तर भारांच्या कोडप्रमाणे (आयएस ८७५ भाग २) चालता भार, म्हणजे माणसांचं आणि सामानाचं वजन, ५. बेरीज १०.८, सुरक्षेसाठी दीडपट केली की १६.२. भरीव भागाचं जादा वजन पूर्ण पॅनेलवर (७.२ × ७.२ मीटरच्या भागावर) पसरलं तर हा आकडा १७.७ पर्यंत जातो.

आधी पंचिंग. छेदाची एकूण लांबी ३६०० मिमी. त्यावर येणारा भार साधारण ९०३ किलोन्यूटन. छेदावरचा शिअरचा ताण ०.६३ न्यूटन प्रति चौ.मिमी. एम २५ ला परवानगी १.२५. म्हणजे निम्म्यावरच भागलं. इथे बरेच जण वही मिटतात.

आता भरीव भागाची कडा. तिच्या बाहेरचं क्षेत्रफळ ४४.५५ चौ.मी., गुणिले १६.२, म्हणजे सुमारे ७२२ किलोन्यूटन. एका बाजूला तीन, अशा चारही बाजूंना मिळून बारा रिबा. प्रत्येकीच्या वाट्याला ६० किलोन्यूटन. ते १२५ × ४०० च्या छेदावर टाकलं की ताण १.२० येतो. रिबेवर वरच्या बाजूला १६ मिमीच्या दोन सळ्या असतील तर स्टीलचं प्रमाण ०.८ टक्के, आणि आयएस ४५६ च्या कोष्टक १९ प्रमाणे काँक्रीटची ताकद सुमारे ०.५८. गरज ताकदीच्या दुप्पट झाली.

स्लॅब तोच, कॉलमही तोच. पंचिंग निम्म्यावर पास आणि मीटरभर बाहेर रिब दुपटीने नापास. शिवाय बारा रिबांत भार सारखा वाटला जात नाही. कॉलमच्या रेषेतली रिब जास्त ओढते, कोपऱ्याजवळची कमी. मी सरासरीवर निदान पाव भाग वाढवून तपासतो. तसं केलं की ७५ किलोन्यूटन आणि ताण १.५ होतो. कोष्टक २० ची एम २५ साठीची कमाल मर्यादा ३.१ आहे, त्यामुळे छेद बदलावा लागत नाही. पण रिंगांशिवाय, म्हणजे सळ्यांभोवती घातलेल्या स्टीलच्या कड्यांशिवाय, हा स्लॅब चालणार नाही.

मग काँक्रीटचा ग्रेड वाढवला तर?

फार काही हाती लागत नाही. वरच्याच उदाहरणात एम २५ चं एम ३० केलं तर रिबेची ताकद ०.५८ वरून ०.६० होते. रिबेतल्या शिअरवर ग्रेडचा परिणाम किरकोळ आहे. स्टीलचं प्रमाण, रुंदी आणि रिंगा यांचा मोठा. रुंदी १२५ ची १५० केली तर ताण १.२० वरून १.०० वर येतो. तोही पुरेसा नाही, पण दिशा बरोबर आहे.

भरीव भाग किती मोठा ठेवावा?

थंब रूल सगळ्यांना हवा असतो. कॉलमपासून प्रत्येक दिशेला स्पॅनच्या (दोन कॉलमांमधल्या अंतराच्या) सहाव्या हिश्शाइतका ठेवून सुरुवात करायला हरकत नाही, पण तो सुरुवातीचाच अंदाज. उदाहरणातला भाग २.७ वरून ३.६ मीटर केला तर कडेवर १६ रिबा मिळतात, प्रत्येकीवर साधारण ३९ किलोन्यूटन येतो आणि ताण ०.७९ वर उतरतो. ४.५ मीटरच्या चौकोनावर तो ०.५१ होतो, म्हणजे तिथे काँक्रीट एकटं पुरतं. पण तेवढा भाग भरीव करायचा तर वॉफल करण्यात अर्थ उरत नाही, वजन वाढतं आणि आर्किटेक्टही नाराज होतो.

व्यवहारात मधला मार्ग घ्यावा: भरीव भाग मध्यम, आणि त्याच्या बाहेर पहिल्या दीड-दोन खणांत रिंगा. आर्किटेक्टशी हे बोलणं पहिल्याच बैठकीत व्हावं. छताचा नकाशा मंजूर झाल्यावर "कॉलमजवळचे चार खण बुजवा" म्हटलं की वाद ठरलेला.

रिबेची रुंदी कोणती धरायची? टॉपिंगची मदत मोजायची का?

कलम ४०.१ स्पष्ट सांगतं की टी-आकाराच्या छेदात वेबची, म्हणजे उभ्या रिबेची, रुंदीच घ्यायची. टॉपिंग शिअरमध्ये थोडी मदत करतं हे खरं आहे, पण आपल्या कोडमध्ये ती हिशेबात घ्यायची सोय नाही, आणि घेऊही नये.

साचा सहज सुटावा म्हणून रिब उतरती असते, वर रुंद आणि खाली अरुंद. कॉलमजवळ स्लॅब उलटा वाकतो आणि दाब खालच्या बाजूला येतो, नेमका जिथे रिब सगळ्यात अरुंद असते. त्यामुळे सर्वात कमी रुंदी धरावी. साचा भाड्याने आणताना कॅटलॉगमधल्या रुंदीवर न जाता टेप लावून खालची रुंदी मोजा. वापरून वापरून कडा झिजलेले, फुगलेले साचे आले तर ड्रॉइंगमधली १२५ ची रिब साइटवर कमी भरू शकते.

कोडच्या किमान अटीही लक्षात असू द्या: जागेवर ओतलेल्या रिबेची रुंदी ६५ मिमीपेक्षा कमी नको, रिबांमधलं अंतर १.५ मीटरपेक्षा जास्त नको, आणि टॉपिंग सोडून रिबेची खोली रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त नको. ६५ मिमी हा आकडा वाचून कोणी खूश होऊ नये. दोन तासांपर्यंतच्या अग्निरोधासाठी त्याच कोडमध्ये रिबेला १२५ मिमी रुंदी सांगितली आहे.

स्लॅबला शिअरमध्ये सवलत मिळते ना? आणि अमेरिकन कोडमध्ये रिबांना दहा टक्के जास्त धरतात, ते चालेल का?

कलम ४०.२.१.१ ची वाढ भरीव स्लॅबसाठी आहे. १५० मिमी किंवा त्याहून पातळ स्लॅबला १.३० पट आणि ३०० च्या पुढे काहीच नाही. रिब म्हणजे भरीव स्लॅब नव्हे. २५० मिमीच्या वॉफलला १.१० लावलेला हिशेब मी परत पाठवतो.

अमेरिकन एसीआय ३१८ मध्ये जॉइस्ट पद्धतीच्या रिबांना काँक्रीटच्या शिअर ताकदीत दहा टक्के वाढ दिली आहे, हे खरं. पण ती सोबतच्या अटींसह आहे: रिब किमान १०० मिमी, खोली रुंदीच्या साडेतीन पटीपर्यंत, दोन रिबांमधलं मोकळं अंतर ७५० मिमीपर्यंत. एक रिब कमी पडली तर शेजारची भार वाटून घेते, हा त्यामागचा विचार. आपल्या उदाहरणात मोकळं अंतर ७७५ येतं, म्हणजे त्यांच्याच नियमाने ती सवलत मिळणार नाही. एका कोडमधली सवलत उचलून दुसऱ्या कोडच्या हिशेबात टाकू नये. भार, गुणक आणि ताकद हे सगळं एकमेकांशी जुळवून ठरवलेलं असतं.

"साहेब, रिंगा नऊ इंचावर टाकल्या तर चालतंय की?"

बार बेंडरचा हा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. उदाहरणात ८ मिमीच्या दोन पायांच्या रिंगा हिशेबाने ३०० मिमीपर्यंत पुरतात, कारण इफेक्टिव्ह डेप्थच्या पाऊण पट किंवा ३०० मिमी ही कमाल मर्यादाच आधी लागू होते. त्यामुळे नऊ इंच चालतील. मी भरीव भागाच्या बाहेर पहिल्या खणात १५० आणि पुढे २०० ते २२५ लिहितो, म्हणजे तिरका तडा कुठूनही गेला तरी त्याला दोन रिंगा आडव्या येतात. स्टील एफई ५०० असलं तरी रिंगांच्या हिशेबात ४१५ च धरायचं, हेही कोडमध्ये आहे.

अंतरापेक्षा मोठी अडचण उंचीची असते. कॉलमजवळ ताण वरच्या सळ्यांत असतो आणि त्या सळ्या टॉपिंगमध्ये असतात. रिंग खालच्या सळ्यांना धरून रिबेतच संपली आणि वरच्या सळ्या नंतर तिच्यावरून नुसत्या टाकल्या, तर ती रिंग तिरक्या तड्याला अर्धवटच अडवते. रिंगेने वरच्या सळीला कवेत घेतलंच पाहिजे, हूक १३५ अंशांत वळलेला हवा. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी गुडघे टेकून, टॉर्च घेऊन प्रत्येक कॉलमभोवतीच्या रिबा पाहाव्यात: वरची सळी रिंगेच्या आत आहे का, आणि ती रिबेच्या डोक्यावर आहे की सरकून खणाच्या मधोमध गेली आहे. खणावर सरकलेली सळी रिबेच्या हिशेबात मोजता येत नाही. वरची सळी तपासणीच्या छेदापुढे निदान एक इफेक्टिव्ह डेप्थ गेलेली नसेल तर कोष्टक १९ मध्येही ती धरायची नाही.

१२५ मिमीच्या रिबेत काँक्रीट उतरतं का?

मापं मांडून बघा. घराच्या आतल्या सौम्य वातावरणातही मी कव्हर २५ धरतो. दोन्ही बाजूंचे ५०, रिंगेचे १६, १६ मिमीच्या दोन सळ्यांचे ३२. उरले २७ मिमी. वीसची खडी जेमतेम जाते. उघड्या टेरेसला कव्हर ३० लागतं, मग उरतात १७, आणि तिथे वीसची खडी अडकणारच. तिथे रिब १५० ची करा किंवा बारीक खडी वापरा.

आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, ताकदीला उत्तम, पण क्रशरवर अवलंबून चपटी आणि लांबट येते. आता वाळूही बहुतेक क्रश सँडच असते. तिच्यात डस्ट जास्त झाली की मिक्स चिकट होतं आणि मिस्त्री पाणी मारायला पाइप उचलतो. ते पाणी थांबवा. प्लास्टिसायझर घालून स्लंप (काँक्रीटचा ओघळतेपणा) वाढवा, २५ मिमीची व्हायब्रेटर नीडल आणा आणि रिब दोन थरांत भरा. रिबेच्या बुडाशी हनीकोंब झालं तर कॉलमजवळ दाब घेणारा नेमका तोच भाग पोकळ राहतो. वरून काहीही दिसत नाही. साचा काढल्यावर दिसतं, आणि त्यावर गिलावा मारून झाकलेलं मात्र कधीच दिसत नाही.

कन्स्ट्रक्शन जॉइंट (ओतणं थांबवून पुन्हा सुरू केल्याचा जोड) भरीव भागाच्या कडेजवळ नको. पावसाळ्यात काँक्रीट ओतायचं असेल तर ताडपत्री आणि थांबायची जागा आदल्या दिवशीच ठरवा. कोल्हापूरचा जुलै मध्येच थांबायला लावतो.

सेंट्रिंग कधी काढायचं?

साचे लवकर सुटतात, टेकू नाहीत. या दोन गोष्टी ठेकेदाराला वेगवेगळ्या लिहून द्या. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला ४.५ मीटरपेक्षा मोठ्या स्पॅनच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस आणि ६ मीटरपेक्षा मोठ्या बीमचे २१ दिवस ठेवायचे. वॉफलच्या रिबा बीमसारख्या वागतात, म्हणून ७.२ मीटरला मी २१ दिवसच सांगतो. फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट असेल तर क्यूबच्या (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या) ताकदीचा निकाल पाहून. वरचा मजला ओतताना खालच्या मजल्याचे टेकू जागेवर हवेत.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्कायलाइन प्लाझा या बांधकामात २ मार्च १९७३ रोजी वरच्या मजल्याचे टेकू लवकर निघाले, कोवळा स्लॅब कॉलमभोवती पंचिंगमध्ये गेला आणि एकावर एक मजले खाली आले. १४ कामगार गेले. तो स्लॅब वॉफल नव्हता, साधा सपाट होता, पण कॉलमभोवतीचं वागणं तेच.

सॉफ्टवेअरने सगळं हिरवं दाखवलं आहे. तरी हाताने तपासायचं का?

हो. वॉफल मॉडेल करताना अनेकदा समतुल्य जाडीचा भरीव स्लॅब धरतात. वाकण्यासाठी आणि डिफ्लेक्शनसाठी (स्लॅब किती खाली झुकतो त्यासाठी) ते चालतं, शिअरसाठी नाही, कारण ती जाडी ९०० मिमीभर पसरलेली असते. रिबा वेगळ्या काढल्या असतील तरी त्यांचा शिअर वेगळा मागवून बघावा लागतो. वरचं उदाहरण एका पानात मावतं. तेवढं पान हाताने करून फाइलला लावा.

कोल्हापूरला भूकंपाचा विचार किती करायचा?

पूर्ण करायचा. भूकंपाच्या कोडच्या, म्हणजे आयएस १८९३ भाग १ च्या, २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर क्षेत्र ३ मध्ये आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झालेला नाही. बीम नसलेला स्लॅब आणि नुसते कॉलम यांच्यावर आडवा भार सोडणं या क्षेत्रात बसत नाही. लिफ्ट आणि जिन्याभोवती शिअर वॉल (आडवा भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घ्या, बाहेरच्या कडेने बीम-कॉलमची फ्रेम द्या आणि इमारतीचं हलणं कमी ठेवा.

शिअरचा थेट संबंध असा: इमारत हलली की कॉलमवर असंतुलित मोमेंट (एका बाजूला जास्त वाकवू पाहणारा जोर) येतो. चौकोनी आतल्या कॉलमला त्यातला सुमारे ६० टक्के भाग स्लॅब वाकून घेतो आणि उरलेले ४० टक्के पंचिंगच्या ताणात भर घालतात. म्हणून उदाहरणातलं ०.६३ हे अंतिम उत्तर नाही. कडेच्या आणि कोपऱ्याच्या कॉलमला तर मुळीच नाही. एक स्वस्त उपाय कधीही सोडू नका: खालच्या सळ्यांपैकी निदान दोन, प्रत्येक दिशेला, कॉलमच्या गाभ्यातून सलग जाऊ द्या. पंचिंग झालंच तर वरच्या सळ्या कव्हर फाडून सुटतात, पण या खालच्या सळ्या स्लॅबला लटकवून धरतात.

एसीच्या डक्टसाठी रिबेला भोक पाडलं तर?

भरीव भागात आणि त्याच्या बाहेरच्या पहिल्या दोन खणांत नाही, कुठल्याही कारणासाठी नाही. स्पॅनच्या मध्यभागी शिअर कमी असतो. तिथे रिबेच्या मध्यउंचीवर लहान पाइपसाठी स्लीव्ह आधीच टाकून ठेवता येतो. नंतर कोअर मशीन लावलं की रिंग कापली गेली की खालची सळी, हे कोणालाच कळत नाही. खाली जायचं असेल तर खणातल्या टॉपिंगमधून जा. झुंबर, पंखे, डक्ट यांचे अँकर रिबेच्या बुडात मारू नका, बाजूने मारा.

टेरेसवर लॉन करायचं आहे, चालेल का?

३०० मिमी ओली माती म्हणजे जवळजवळ ६ किलोन्यूटन प्रति चौ.मी. हॉलच्या चालत्या भारापेक्षाही जास्त, आणि कायमची. आधी धरलेली नसेल तर नाही.

सोलमधलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं आणि ५०२ माणसं मेली. तोही बीम नसलेला सपाट स्लॅब होता. कॉलम मूळ आराखड्यापेक्षा बारीक केले होते आणि छतावरची एसीची अवजड युनिट्स ओढत दुसरीकडे नेली होती. छतावर नंतर काही ठेवायचं असेल तेव्हा ज्याने डिझाइन केलं त्याला विचारा. त्याची फी लॉनच्या खर्चापुढे काहीच नसते.

रिबेला तडा दिसतोय. घाबरायचं का?

तडा कुठे आहे आणि कसा आहे, ते बघा. स्पॅनच्या मध्ये, रिबेच्या बुडापासून सरळ वर जाणारा केसासारखा तडा बहुधा वाकण्याचा असतो. पण भरीव भागाच्या कडेजवळ, रिबेच्या बाजूवर, कॉलमच्या दिशेने तिरका उतरणारा तडा असेल तर त्याच दिवशी खाली टेकू द्या, वरचा भार उतरवा आणि इंजिनियरला बोलवा. वरच्या फरशीत कॉलमभोवती गोलाकार तडा दिसला तरी हेच करायचं. लांबी-रुंदी पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा, त्यावर पुट्टी मारू नका.

जुन्या स्लॅबचा शिअर वाढवता येतो का?

येतो. मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे कॉलमलगतचे खण भरून भरीव भाग मोठा करणं: खणाच्या बाजू खरबरीत करून, डॉवेल (जुनं आणि नवं काँक्रीट जोडणाऱ्या सळ्या) बसवून, टॉपिंगला भोक पाडून वरून मायक्रो-काँक्रीट ओतायचं. कड बाहेर सरकते, रिबांची संख्या वाढते. वाढलेलं वजन कॉलम आणि फुटिंगला झेपतं का, तेही तपासायचं. दुसरा मार्ग रिबेला दोन्ही बाजूंनी जॅकेट करून रुंदी वाढवण्याचा. कार्बन फायबरची पट्टी यू आकारात गुंडाळतात, पण टॉपिंग आड येत असल्याने ती वरून बंद करता येत नाही. वरच्या टोकाला पक्कं अँकर केलं नाही तर तीच आधी सुटते.

लोड टेस्ट पास झाली म्हणजे शिअरचा प्रश्न मिटला का?

नाही. आयएस ४५६ ची लोड टेस्ट म्हणजे पूर्ण मृत भार (कायमचं वजन) आणि चालत्या भाराच्या १.२५ पट वजन २४ तास ठेवायचं, मग चालता भार काढून २४ तासांत निदान ७५ टक्के डिफ्लेक्शन परत येतं का ते बघायचं. स्पॅन मीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गाची ४० पट, भागिले मिमीमधली जाडी, यापेक्षा डिफ्लेक्शन कमी असेल तर परत येण्याची अटही नाही. आपल्या स्लॅबला ही मर्यादा ४.६ मिमी येते. ही सगळी मोजमापं वाकण्याची आहेत. शिअरमध्ये काठावर असलेला स्लॅब डिफ्लेक्शनमध्ये उत्तम गुण मिळवू शकतो. म्हणून टेस्ट घ्यायचीच असेल तर स्लॅबखाली थोडी फट ठेवून आधार उभे करा, पाण्याच्या टाक्या किंवा वाळूची पोती टप्प्याटप्प्याने चढवा आणि डायल गेज स्पॅनच्या मध्ये लावलेलं असलं तरी एक माणूस सतत भरीव भागाच्या कडेवरच्या रिबांवर डोळा ठेवून बसवा. तिथे तिरकी रेघ उमटली की टेस्ट थांबवायची, गेजवरचा आकडा काहीही असो.